दिवाळी संपली ना? मग कंदील कधी उतरवणार?

कासारवडवलीकर

मंडळी, साधा प्रश्न आहे, भांडायला आलेलो नाही, पण भांडण होणारच असेल तर होऊन जाऊ दे. भाऊबीज २३ ऑक्टोबर २०२५ ला झाली. आज नोव्हेंबरची १० तारीख. आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत समोरच्या विंगकडे बघितलं की निम्म्या गॅलऱ्यांत कंदील अजून लटकतायत, त्यातले बरेचसे पेटतही नाहीत, दिवाळीनंतर जो अवेळी पाऊस झाला त्यात एकाच्या झिरमिळ्या भिजून एकमेकींना अशा चिकटल्यात की नुसता दोरखंड झालाय, आणि दुसऱ्यावर कबुतर रोज सकाळी बसून जे काही करतं ते जेवणाच्या वेळी लिहीत नाही. कमिटीने ग्रुपवर मेसेज टाकला की 'रविवारपर्यंत कंदील व लायटिंग उतरवून घ्यावे', तर त्यावर धर्म, परंपरा, कमिटीची मनमानी, पार्किंग, सगळं निघालं.

माझं म्हणणं असं की प्रश्न कंदिलाचा नाहीच. तो लटकत असतो तोवर दिवाळी चालू आहे असं सगळे धरून चालतात आणि त्या नावाखाली कामं ढकलतात. सप्टेंबरात सुताराला फोन केला, किचनची ट्रॉली बिघडली होती, म्हणाला साहेब दिवाळीनंतर. बँकेतल्या माणसाने केवायसीचं सांगितलं, दिवाळीनंतर या. डाएट दिवाळीनंतर, जिम दिवाळीनंतर, कुणाचे उसने पैसे दिवाळीनंतर. बरं, झाली दिवाळी. भाऊबीजेनंतर फोन केला तर म्हणे तुळशीची लग्नं जाऊ दे. ती गेली की लग्नसराई, मग नाताळ, मग संक्रांत आणि त्यानंतर मार्च एंडिंग, तेव्हा तर कुणी फोनच उचलत नाही.

आणि तो फराळ! वागळे इस्टेटला आमच्या ऑफिसात अजून रोज कुणीतरी डबा उघडतं. चकली एवढी सादळलेली की दोन्ही हातांनी वाकवली तरी तुटत नाही, आणि समोरची व्यक्ती 'घ्या ना, घरची आहे' म्हणून उभी. भाऊबीजेला संपवा की हो सगळं. एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी संपवा.

नौपाडावासी

दादा, भाऊबीजेला दिवाळी संपते हे कुणी सांगितलं तुम्हाला? आमच्याकडे लहानपणापासून कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहतो. ती यंदा ५ नोव्हेंबरला होती. तुळशीचं लग्न द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लावतात, मग लग्नाच्या मांडवात अंधार ठेवायचा का? शिवाय कार्तिक महिनाभर आकाशदिवा लावायची पद्धत जुनीच आहे, हा काही आळशी लोकांनी काढलेला शोध नाही. आपला कंदील म्हणजे त्याचंच शहरी रूप.

कासारवडवलीकर

मान्य, ५ तारखेपर्यंत मान्य. पण आज १० आहे ना ताई!

कोकणातला ठाणेकर

थांबा थांबा. आमच्याकडे देवदिवाळी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे यंदा २१ नोव्हेंबरला. वाराणसीला घाटांवर दिवे लावतात ती देवदिवाळी कार्तिकी पौर्णिमेची, टीव्हीवर बघून हल्ली इथेही लोक तीच धरतात. आमच्या देवदिवाळीला घरी देवाला वड्या-घारग्यांचा नैवेद्य असतो आणि तोवर कंदील खाली येत नाही. तेव्हा कमिटीचा रविवार कमिटीने आपल्याकडे ठेवावा.

ट्रान्सहार्बर रोजचा

मी कासारवडवलीकरांच्या बाजूने. परंपरेवाल्यांना माझा एकच सवाल, कंदील परंपरेने ठेवलाय तर मग त्यातला दिवा रोज लावता का? आमच्या घणसोलीला खालच्या मजल्यावरचा कंदील गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून आहे, पावसाळाभर होता, गणपतीत होता, यंदा नरक चतुर्दशीला त्यांनी त्याच्या शेजारी नवीन लावला. आता दोन आहेत. ही कुठली देवदिवाळी?

अर्धा इंजिनियर

विजेचा मुद्दा अजून कुणी काढला नाही पण काढणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो. ९ वॅटचा एलईडी बल्ब, रोज सहा तास, तीस दिवस, म्हणजे १.६२ युनिट. एक एसी एका रात्रीत याहून जास्त खातो. पूर्वीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब असता तर १०.८ युनिट झाले असते, तेव्हा बोलायला जागा होती. कंदिलाने बिल वाढतं म्हणणाऱ्यांनी आधी गीझरचं बटण बंद करायला शिकावं.

सीवूड्सची मावशी

बहुतेक पुरुषच बोलतायत वाटतं. मी सांगते दिवाळी कधी संपते. आमच्यासाठी ती भाऊबीजेला रात्री पाहुणे गेल्यावर सुरू होते. दसरा झाला की घर काढायचं, डबे घासायचे, मग भाजण्या, मग रात्री अकरापर्यंत चकल्यांचा सोऱ्या दाबत बसायचं, हात दुखतो म्हटलं की घरातून सल्ला, विकतच्या आण. विकतच्या आणल्या की तोच माणूस खाताना तोंड वाकडं करतो. चार दिवस उटणं, रांगोळी, ओवाळणी, आलेल्यांना चहा, गेलेल्यांना डबे. आणि आता मी संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून त्या कंदिलाच्या उजेडात निवांत चहा पिते तर म्हणे उतरवा. नाही उतरवत. ज्याला घाई आहे त्याने यावं स्टूल घेऊन, मी स्टूल धरणार नाही.

फराळाचं म्हणाल, तर सादळलेली चकली ही चकलीची चूक नाही, डब्याची आहे. आपल्याकडे खाडीची दमट हवा, झाकण सैल असलं की कुरकुरीत काहीही चार दिवसांत मऊ पडणार. कढईत नुसती मंद आचेवर परता नाहीतर ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवा, परत कुरकुरीत होते. खवट वास आला तर मात्र टाका, ते तेल उतरलेलं असतं, ते परतून जात नाही. ओल्या नारळाच्या करंज्या आत्तापर्यंत ठेवल्या असतील त्यांना नमस्कार.

ट्रान्सहार्बर रोजचा

मावशी तुम्ही बरोबर आहात पण आमच्या खालच्या मजल्यावाल्यांना हे सांगू नका, ते तिसरा लावतील.

चिवड्याचा चुरा

फराळ एका दिवशी संपवायचा हा काय हट्ट? खरा चिवडा आत्ताच लागतो. वरचे पोहे पाहुण्यांनी नेले, काजू मुलांनी, शेंगदाणे कुणी वेचले ते घरात कुणीच कबूल करत नाही, आणि तळाला राहतो तो चुरा, मीठ, मिरची, कढीपत्ता आणि पिठीसाखर सगळं एकत्र. त्यावर कच्चा कांदा आणि लिंबू. हे दिवाळीत कुणी देत नाही तुम्हाला, त्यासाठी नोव्हेंबर उजाडावा लागतो.

कासारवडवलीकर

चुऱ्याबद्दल माझा विरोध नाही, तो वगळला. पण माझा सुतार कुठाय ते कुणी सांगत नाही.

वागळे इस्टेट फॅब्रिकेशन

मी सांगतो. तुमचा सुतार बहुतेक बिहारचा किंवा पूर्व यूपीचा असणार. दिवाळीच्या सहाव्या दिवशी छठ, यंदा २७ ऑक्टोबरला संध्याकाळचं अर्घ्य आणि २८ ला सकाळचं. वर्षातून एकदा गावी जातो, गाडीचं कन्फर्म तिकीट मिळत नाही, जनरलच्या डब्यात उभ्याने जातो, मग तिकडे भात कापणी निघते, घरची दोन कामं निघतात, तो काय लगेच परत येणार? माझ्या शॉपमध्येही निम्मी माणसं अजून आलेली नाहीत, ग्रिलच्या ऑर्डरी अडकल्यात, शिव्या मी खातोय. पण त्याला आळस म्हणू नका. आळशी असता तर एवढ्या गर्दीत उभ्याने गावी गेलाच नसता.

नौपाडावासी

हे बाकी बरोबर. आपल्याला दिवाळीची सुट्टी म्हणजे तलावपाळीला फिरायचं आणि राम मारुती रोडवर पहाटे सेल्फी काढायचे. त्यांची सुट्टी वेगळी असते.

कासारवडवलीकर

ठीक, सुताराला सोडलं. बँकवाला कुठल्या छठला गेला होता? तो डोंबिवलीचा आहे, मी विचारलंय. ढकलणाऱ्याला कुठलाही सण पुरतो हे माझं मत कायम आहे. आणि कंदिलाचं म्हणाल तर २१ तारीख शेवटची, कोकणवाल्यांना मान देऊन. त्यानंतर जो लटकेल तो फक्त आळसाने लटकतोय, मग त्याला शास्त्राचा आधार नको.

अर्धा इंजिनियर

उतरवल्यावर काय करणार ते ठरवा आधी. प्लास्टिकचे असतील तर कोरड्या कचऱ्यात, आणि बल्ब, होल्डर, वायर आधी काढून घ्या, गेल्या वर्षी आमच्याकडे लोकांनी वायरसकट कुंडीत कोंबले होते.

सीवूड्सची मावशी

कचऱ्यात कशाला? कामट्यांचा असेल तर दर वर्षी नवा कागद चिकटवा. मुलं बसतात तेवढा वेळ मोबाइल सोडून. झिरमिळ्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या आणि माळ्यावर ठेवायचा, पण त्यावर बॅगा टाकायच्या नाहीत.

ट्रान्सहार्बर रोजचा

वन बीएचकेला माळा कुठे असतो मावशी? असलेला बिल्डरने फ्लॅटच्या चौरस फुटात विकलाय. आमचा कंदील बेडच्या बॉक्समध्ये जातो, गादी उचलून, आणि गाद्या उचलायला दोन माणसं लागतात, त्यातला एक मी.

सीवूड्सची मावशी

मग घडीचा घ्यायचा. जांभळी नाक्याला मिळतात, चपटे होतात, कपाटाच्या मागे सरकतात. पण पांढरा घेऊ नका, धूळ दिसते.