दाह वाढला म्हणजे प्रतिकारशक्ती जागी झाली?

रानवाटा : ‘बीसीजी ही क्षयाची लस मूत्राशयात सोडल्यावर दाह होतो आणि कर्करोग हटतो, म्हणजे दाह हाच आपला मित्र,’ असे विधान काल येथे ठोकून देण्यात आले. बीसीजीचा दाह अल्पकाळाचा आणि टी-पेशींना, म्हणजे कर्करोगावर चाल करणाऱ्या रक्षक पेशींना, बोलावणारा असतो. गाठ स्वतः धुमसत ठेवते तो दाह नेमके उलटे काम करतो. गाठीतील पेशी कॉक्स-२ या विकराच्या (एन्झाइमच्या) बळावर प्रोस्टाग्लँडिन ई-२ हे दाहाचे रसायन तयार करतात, आयएल-६ व आयएल-८ हे संकेत-रेणू सोडतात. त्या हाकेला ओ देऊन आलेल्या अपरिपक्व मायलॉइड पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) टी-पेशींना लागणारे आर्जिनिन हे अमिनो आम्ल फस्त करतात आणि टी-पेशी उपाशी राहून निष्क्रिय होतात. शिवाय प्रोस्टाग्लँडिनमुळे भक्षक पेशींवर टी-पेशींना लगाम घालणारे पीडी-एल-१ हे प्रथिन वाढते, ते वेगळेच.

शंकासुर : विधान माझे आहे आणि मी ते मागे घेणार नाही. बीसीजीनंतर माझ्या वडिलांना ताप आला, लघवीला आग झाली आणि आज ते ठणठणीत आहेत. आपले विकर आपल्यालाच लखलाभ.

तिरशिंगराव : दाह इतका वाईट असेल, तर दाहशामक गोळ्यांनी काम भागायला हवे होते. ब्रिटनमधील बॉक्सिट या मूत्राशय-कर्करोगाच्या चाचणीत सेलेकॉक्सिब ही कॉक्स-२ रोखणारी गोळी देऊन पाहिली. २०१९ मध्ये आलेल्या निष्कर्षांत रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण लक्षणीय घटले नाही. आता बोला.

रानवाटा : एक दार बंद केल्याने घर बंद होत नाही. रक्तात आयएल-८ जास्त असलेल्या रुग्णांना अटेझोलिझुमॅब या पीडी-एल-१ अडवणाऱ्या औषधाचा लाभ कमी होतो, हेही नोंदले गेले आहे, आणि सेलेकॉक्सिब आयएल-८ची वाट थेट अडवत नाही.

काकूबाई : तुमचे संकेत राहू द्या बाजूला. माझ्या बहिणीच्या लघवीतून वेदनेविना रक्त जात होते आणि प्रत्येक वेळी ‘मूत्राशयाचा दाह आहे’ म्हणून प्रतिजैविकांची चिठ्ठी हातावर ठेवली गेली. दुर्बिणीने तपासा म्हटले, तर ‘बायकांना असे होतेच’ हे उत्तर. गाठ सापडली तेव्हा ती स्नायूपर्यंत पोहोचली होती.

शंकासुर : ताई, याचा मूळ प्रश्नाशी संबंध काय?

काकूबाई : दाह म्हटले की डॉक्टर निर्धास्त होतात आणि तुम्हीही, हा संबंध. रक्त दिसल्यावर जंतू सापडले नाहीत, तरी त्याच गोळ्या पुन्हा लिहून देणाऱ्यांना तुमचा मित्र-दाह फार सोयीचा पडतो.

तिरशिंगराव : काकूबाईंचे म्हणणे मान्य, आणि नाइलाजाने रानवाटांचेही अर्धे. उरलेल्या अर्ध्यासाठी आयएल-८ अडवून रुग्ण सुधारल्याचे दाखवा. नुसते रक्तातले आकडे मला पुरत नाहीत.