डग्लसचा विजय हा मटका नव्हता

वर कुणीतरी म्हटलंय की बॉक्सर बस्टर डग्लसने हेवीवेट विश्वविजेत्या माइक टायसनला हरवलं तो निव्वळ मटका होता. हे अजिबात पटत नाही. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत तो साधारण २३१ पौंडांचा होता, आई जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि तरीही दहाव्या फेरीपर्यंत त्याचा डावा जॅब, म्हणजे सरळ ठोसा, थांबला नाही. आठव्या फेरीत खाली पडून पुन्हा उठला, ते काय नशिबाने? अंगात खरी तयारी होती म्हणूनच.

खरं दुखणं पुढचं आहे. ऑक्टोबरमध्ये आव्हानवीर इव्हँडर होलीफिल्डसमोर तोच माणूस २४६ पौंडांचा होऊन आला आणि तिसऱ्या फेरीत आडवा झाला. मधल्या काळात लढती भरवणाऱ्या प्रवर्तक डॉन किंगबरोबर कोर्टकचेऱ्या चालू होत्या हे मान्य, पण वजनकाट्यावरचा आकडा दिसला तेव्हाच निकाल कळला होता. नंतरचं इथे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो: निवृत्तीनंतर वजन चारशे पौंडांच्या आसपास गेलं, १९९४ मध्ये मधुमेहाने तो कोमात गेला. जगला, वजन उतरवलं, १९९६ मध्ये रिंगणात परतला आणि नऊपैकी आठ लढती जिंकल्या. प्रतिस्पर्धी फार मोठे नव्हते, पण मला तरी हे टोकियोइतकंच मोठं वाटतं.