किल्ली हरवली : शोरूमचे 11,800 की बोळातले 3,200?

उचगावकर
रोप लावणीच्या गडबडीत गाडीची रिमोटवाली किल्ली शेतात पडली. मळेकरणी देवीला नारळ बोलून झाला, आईनं बांधाकडचा गाळ भाताच्या चाळणीनं चाळून झाला, मिळाली नाही. घरात दुसरी होती, पण साधी. नवी गाडी घेताना एक रिमोटची आणि एक बिनरिमोटची दिली होती.

शोरूमला विचारलं तर 11,800. कोडिंगचे, म्हणजे गाडीला नवी किल्ली ओळखायला शिकवायचे, वेगळे. ऑर्डर टाकल्यावर तीन आठवडे, शिवाय एक दिवस गाडी सोडून यायची. गाडी 2015 ची, वॉरंटी कधीच संपली. मी बेळगावच्या बाजारातल्या एका बोळात किल्लीवाल्याकडं गेलो. त्यानं साधी किल्ली बघून नवी कापली. जुनीतली चिप एका डबीवर ठेवून वाचली आणि नव्या चिपेत उतरवली. मग मला आत बसवून किल्ली चार-पाच वेळा चालू-बंद करायला लावली. दारं खटखट वाजली, रिमोट लागला. 3,200 दिले. सांगितलेला चहा यायच्या आत काम खलास.

माझं म्हणणं एवढंच, की जुन्या गाडीला शोरूमची किल्ली म्हणजे पैशाचा माज. कुणाचं काय म्हणणं?

टिळकवाडीची वहिनी
तुमच्या 3,200 मध्ये एक गोष्ट आलेली नाही, ती मी भोगलेली आहे. आमच्या दिरांची गाडी चोरीला गेली. क्लेमला गेल्यावर विमा कंपनीचं पहिलं वाक्य, "सगळ्या ओरिजिनल किल्ल्या आणा." एक ओरिजिनल होती, एक बाजारात केलेली. मग सुरू झालं : तिसरी कुठाय, कधी हरवली, नोंद कुठाय, आम्हाला का नाही कळवलं? दीर चार महिने पत्रं लिहीत बसले. गाडीत किल्ली विसरून चोराला बोलावणारे लोक असतात म्हणून ते असं विचारतात, हे मला पटतं. पण आपल्याकडं उत्तर पाहिजे ना?

तुम्ही पोलिसात हरवल्याची नोंद केली का?

उचगावकर
नाही ओ वहिनी. किल्लीसाठी कोण स्टेशनात जातंय?

टिळकवाडीची वहिनी
जावा. आम्ही गेलो तेव्हा अर्ज कन्नडात मागितला. बाहेरच्या झेरॉक्सवाल्यानं पन्नास रुपयांत लिहून दिला, आम्ही सही केली. त्या कागदाची प्रत आणि चार ओळींचं पत्र विमा कंपनीला आजच पाठवा, मेलनं पाठवलं तरी चालतं. पोच जपून ठेवा. आणि पॉलिसी काढून बघा, किल्ली बदलण्याचं ॲड-ऑन कधी कधी त्यात असतं आणि आपल्याला माहीतच नसतं. असलं तर शोरूमचं सगळं बिल तुमच्या खिशातून जाणार नाही, मग बोळ कशाला?

उद्यमबाग टूलरूम
मी विमाबिमा बोलत नाही, कापण्याचं बोलतो. दहा वर्षं वापरलेली किल्ली बघून नवी कापली म्हणजे झीजही कापली. आमच्याकडं कुणी झिजलेल्या जॉबवरून, म्हणजे तुकड्यावरून, माप घेतलं तर सुपरवायझर पान्हा फेकून मारेल! दोन-तीन दशांश मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, कुलपाच्या आतल्या पत्र्यांना मात्र बरोबर कळतो. आज लागते, पावसाळ्यात अडकायला लागते, मग माणूस जोर लावतो आणि दांडी मोडून आत राहते. तेव्हा स्टेअरिंग लॉकच बदलायची पाळी.

गाडी घेताना किल्ल्यांच्या जुडग्याला एक छोटा बिल्ला असतो, त्यावर नंबर. त्या नंबरावरून कापली की ती कारखान्यातून निघाल्यासारखी येते. बोळातल्या चांगल्या माणसाकडंही तसं मशीन असतं, विचारायला पाहिजे. बहुतेकांनी तो बिल्ला पहिल्याच दिवशी देव्हाऱ्यात नाहीतर कचऱ्यात टाकलेला असतो. उचगावकर, तुमचा कुठाय?

उचगावकर
बिल्ला काय असतोय? 😅

उद्यमबाग टूलरूम
झालं.

पुण्यातला खानापुरी
सगळे पैशावर बोलूलालेत. मुद्दा वेगळाच आहे. उचगावकर, एकच सांगा. त्यानं स्टेअरिंगच्या खाली वाकून कुठल्या सॉकेटला वायर जोडली का?

उचगावकर
नाही. वाकला पण नाही. पोट मोठं होतं त्याचं.

पुण्यातला खानापुरी
मग ऐका. रिमोट आणि चिप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एका कव्हरात बसतात एवढंच. रिमोट सेलवर चालतो आणि फक्त दारं उघडतो. इंजिन चालू होऊ देते ती चिप. तिला सेल लागत नाही. किल्ली घालायच्या जागेभोवती वायरीची कडी असते, तिच्याकडून चिपेला वीज मिळते आणि चिप आपला नंबर सांगते. नंबर ओळखीचा असला तर गाडी चालू.

तुमच्या माणसानं घरच्या साध्या किल्लीचा नंबर नव्या चिपेत जसाच्या तसा उतरवला. गाडीला वाटतं ही तीच साधी किल्ली. म्हणजे गाडीच्या डोक्यात काहीच बदललं नाही. शेतात पडलेल्या किल्लीचा नंबर तिथं तसाच आहे. उद्या नांगरटीला ती कुणाला मिळाली तर पुसून, वाळवून तो गाडी चालू करून जाईल. तेवढा चिखल चिपेला काही करत नाही.

बरोबर पद्धत अशी : सॉकेटला मशीन लावायचं, गाडीच्या मेमरीतल्या सगळ्या किल्ल्या पुसायच्या आणि हातात आहेत तेवढ्याच परत शिकवायच्या. हे शोरूम करतं. बोळातलाही करतो, पण जास्तीचे पैसे लागतात म्हणून तो आपणहून सांगत नाही. त्यामुळं मी शोरूमच्या बाजूचा.

निपाणीचा ड्रायव्हर
शोरूमच्या बाजूचा कशाला, मशीनच्या बाजूचा म्हणा की. तुम्हीच म्हणूलालाय बोळातलाही करतो.

आणि शोरूमला 11,800 कशाचे लागतात हो? 2014 साली केंद्राच्या स्पर्धा आयोगानं 14 गाडी कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड ठोकला होता. सुटे भाग आणि तपासणीची मशिनं बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नाहीत म्हणून. पुढं प्रकरण कोर्टाकचेऱ्यात गेलं ते सोडा, पण आयोग जे बोलला तेच आपण रोज भोगतोय. गाडी माझी, हप्ते मी फेडले, आणि तिच्या कुलपाचा कोड कंपनीकडं. मी ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो. किल्ली गेली म्हणून तीन आठवडे गाडी उभी ठेवली तर हप्ता शोरूमवाला भरणार काय? आणि बेळगावात भाव जास्त वाटला म्हणून कोल्हापूरला जायचं म्हटलं तर हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन टोल, डिझेल, दिवस मोडला. वाचलेले पैसे तिथंच गेले.

टिळकवाडीची वहिनी
दंड सुट्या भागांच्या अडवणुकीला होता ना? किल्लीचा कोड ब्रेकपॅडसारखा कुणालाही मिळायला लागला तर चोरालाही मिळेल. शोरूम आरसी आणि ओळखपत्र बघून मग किल्ली देतं, याचा मला राग येत नाही, बरं वाटतं. उचगावकरांना बोळात कुणी आरसी विचारली?

उचगावकर
विचारली नाही. साखर किती घालू विचारलं.

निपाणीचा ड्रायव्हर
वहिनी, हे मात्र कबूल. आरसी न बघणाऱ्याकडं जाऊच नये. माझा नेहमीचा माणूस आरसीचा फोटो काढून वहीत नाव लिहून घेतो, सही पण. तसे बोळातही आहेत.

जांबोटी रोड
माझं ऐकून हसा. रिमोटची बटणं फाटली म्हणून ऑनलाईन 350 चं रिकामं कव्हर मागवलं. घरी स्क्रू काढला, आतली हिरवी सर्किटची पट्टी नव्यात बसवली, दांडी बसवली, जुनं कव्हर कचऱ्याच्या गाडीत. दारं उघडली, मी खूश. किल्ली फिरवली, इंजिन एकदा धडधडलं आणि गप. डॅशवर किल्लीचं लाल चित्र मिचकावतंय. चिप जुन्या कव्हराच्या कोपऱ्यात चिकटून बसलेली, चिंचोक्यापेक्षा लहान काळा तुकडा. मला वाटलं प्लॅस्टिकचंच आहे.

कचऱ्याची गाडी हिंडलग्याच्या पुढं गेली होती. मोटारसायकलवरनं पाठलाग केला. सापडलं. बायको अजून सांगते येणाऱ्या-जाणाऱ्याला.

उद्यमबाग टूलरूम
हा खरा स्वस्त उपाय आहे बरं का. निम्म्या लोकांना नवी किल्ली लागतच नाही. सेल गेलेला असतो किंवा कव्हर. वीस-तीस रुपयांचा सेल बदला आधी, त्यावर नंबर लिहिलेला असतो तोच आणा. मग बोळ, मग शोरूम.

निपाणीचा ड्रायव्हर
आणि दुसरी किल्ली हातात असतानाच तिसरी करून ठेवा. एकही नसली की बोळातलाही दुप्पट सांगतो. त्याचं बरोबर आहे. कॉपी करायला काहीच नसतं, सगळं शून्यातून.

पुण्यातला खानापुरी
बोळाबद्दल आणखी एक. त्याच्या डबीनं वाचलेला नंबर डबीत राहू शकतो. माणूस विश्वासाचा पाहिजे.

निपाणीचा ड्रायव्हर
शोरूममधला सहा महिन्यांनी नोकरी बदलणारा पोरगा विश्वासाचा काय?

पुण्यातला खानापुरी
त्याच्या मागं कंपनी असते. बोळातला उद्या शटर पाडून गेला तर कुणाला धरणार?

निपाणीचा ड्रायव्हर
वीस वर्षं तिथंच बसलाय आमचा. शोरूमचा बोर्ड या काळात तीनदा बदलला.

उचगावकर
काल परत गेलो त्याच्याकडं. खानापुरींनी सांगितलेलं जसंच्या तसं विचारलं. म्हणाला, "होय, कॉपीच केलीय, तुम्ही पुसायचं म्हणाला नव्हतासा." राग आला, पण खरं बोलला. 900 घेतले. या खेपेला मुलाला वाकवलं, सॉकेट फ्यूजच्या झाकणाच्या मागं होतं. दोन्ही किल्ल्या मागितल्या, आधी सगळं पुसलं, एकेक फिरवून परत शिकवली. आरसी मीच काढून दाखवली, त्यानं बघितल्यासारखं केलं.

एकूण 4,100. शोरूमपेक्षा अजून कमीच, वहिनी. पोलिसातला अर्ज उद्या देतो, झेरॉक्सवाल्याचा पत्ता बघून ठेवलाय.

निघताना विचारलं, शेतातली किल्ली आता बाद ना? म्हणाला, इंजिन चालू होणार नाही, दार उघडंल, दांडी तीच आहे. डिकीत आईचं खुरपं आणि युरियाची रिकामी पोती आहेत. न्या म्हणावं.