बी विंग: ड्रिलिंग थांबवा, बंडूचं ऑपरेशन झालंय

बी-३०४ (स. ९.४०): नमस्कार. ४०४ च्या ताईंना वेगळा मेसेज केला होता, निळ्या टिक आल्या, उत्तर आलं नाही, म्हणून इथे लिहिते. काल संध्याकाळी आमच्या बंडूची नसबंदी झाली. डॉक्टरांनी त्याला शांत खोलीत ठेवायला सांगितलंय आणि नेमकं त्याच खोलीच्या डोक्यावर ड्रिलिंग चाललंय. मशीन सुरू झालं की तो कोपऱ्यात अंग चोरून बसतो. रात्री दोनपासून काडी तोंडात घेतलेली नाही. प्लीज.

सी-१०२: बंडू म्हणजे भाऊजी का? 😄

बी-३०४: ससा. तुमच्या मुली रोज त्याला कोथिंबीर द्यायला येतात.

ए-२०१: हम दो हमारे दो! लाल त्रिकोण आठवला. आमच्या वेळी सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर असायचा.

सेक्रेटरी: विषयाला धरून लिहा. सभेत ठरल्याप्रमाणे कामाची वेळ १० ते १ आणि ४ ते ६.

बी-३०४: काका, आत्ता पावणेदहा वाजलेत आणि ते नऊपासून चालू आहे.

ए-१०१: लिफ्टमध्ये वाळलेलं गवत पडतं त्याचं काय? मागच्या महिन्यातही लिहिलं होतं.

बी-४०४: आत्ता मेसेज बघितले. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. गुरुवारी घरी येतात. त्याआधी बाथरूममध्ये धरायला दांडे बसवायचेत, कमोड बदलायचाय. सशासाठी म्हातारं माणूस थांबवू का?

बी-३०४: ताई, आईंचं मला माहीत नव्हतं. पण मागच्या पावसात तुमच्या बाथरूमचं पाणी आमच्या माळ्यावर दोन महिने टपकलं, तेव्हा आम्हीही थांबलोच होतो.

बी-४०४: ते पैसे दिलेत आम्ही.

बी-३०४: अर्धे.

सेक्रेटरी: दोघींनी कृपया 🙏

ए-४०३: बाळा, जखमेवर हळद लाव. तेलात कालवून. दोन दिवसांत सुकेल.

सी-१०२: आमच्याकडे धाकट्याचं अँटिबायोटिक उरलंय, ते गुलाबी सिरप. पाठवू?

बी-३०४: नको नको!! काकू, हळदही नको, तो चाटेल. आणि ते गुलाबी औषध अमॉक्सिसिलिन असेल तर सशाच्या तोंडात थेंबही जाता कामा नये. पोटातले चांगले जंतू मरतात आणि ससा दगावतो. कुणीही प्रेमाने आणून दिलं तरी मी घेणार नाही, राग मानू नका.

बी-२०३: मुळात ससा पाळणं गुन्हा आहे ना? वन्यजीव कायदा?

सी-३०१: १९७२ चा कायदा आपल्या रानातल्या, काळ्या मानेच्या सशासाठी आहे. घरी पाळतात तो मूळचा युरोपातल्या जातीचा. तुमच्या शेजारच्यांनी दिवाळीत फराळासोबत पिल्लू घेतलं तेव्हा कायदा नाही आठवला. असो. ३०४ ताई, शेवटची लेंडी कधी टाकली?

बी-३०४: पहाटे तीनला. चार होत्या, बारीक, सुकलेल्या.

सी-३०१: मग आता वेळ घालवू नका. सशाचं आतडं चालतं राहायला हवं, ते थांबलं की पोटात गॅस धरतो. म्हणून तर ऑपरेशनआधीही त्याला उपाशी ठेवत नाहीत, सशाला उलटी होतच नाही. दात कचकच वाजवतोय का?

बी-३०४: हो. डोळे अर्धे मिटलेले.

सी-३०१: ते दुखणं आहे. सकाळचं वेदनाशामक दिलंत?

बी-३०४: साडेअकराला आहे.

सी-३०१: डॉक्टरांना आत्ता फोन लावा, आधी देऊ का विचारा. आणि त्याची जोडीदारीण तिळी कुठाय?

बी-३०४: हॉलमध्ये. टाके ओढेल म्हणून वेगळं केलंय.

सी-३०१: इथे चुकलं. जोडीतला एक दृष्टीआड झाला की दुसरा आणखी गळतो. शिवाय त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास आहे. चार दिवसांनी एकदम समोर आणलंत तर तिळी परका समजून फोडून काढेल. आमच्या कापशीने हेच केलं होतं. मध्ये जाळी लावा, शेजारी शेजारी ठेवा, दोघांच्या खालची फडकी अदलाबदल करा. पण जाळी काढायची नाही हं. नर लगेच वांझ होत नाही, सहा आठवडे धरून चाला.

ए-२०१: म्हणजे महिनाभरात पुन्हा सहा पिल्लं!

ए-१०१: आणि पुन्हा गवत. लिफ्टचं कुणी बोलणार आहे का?

सी-३०१: तिळीचंही करून घ्या पुढे. मादीला वय वाढेल तसा गर्भपिशवीचा कर्करोग धरतो.

(दुपारी १२.३५)

बी-३०४: डॉक्टरांनी औषध लगेच द्यायला सांगितलं. त्यांनी दिलेली पावडर पाण्यात पातळ कालवून सिरिंजने भरवली. निम्मी माझ्या ओढणीवर. धाकट्याचं जिन्यावरचं गेट मध्ये बांधलंय. तिळी आधी मागचा पाय आपटत राहिली, मग नाक गजातून आत घातलं आणि त्याचं कपाळ चाटायला लागली. तो तसाच डोकं खाली घालून बसलाय, पण सरकत सरकत गेटला चिकटलाय.

ए-४०३: गणपतीसाठी आणलेली दूर्वेची जुडी आहे. धुऊन पाठवते. ती तरी चालेल ना?

बी-३०४: काकू, चालेल! नातवाला पाठवू नका, मीच येते.

ए-१०१: येताना लिफ्टमध्ये सांडू नका.

बी-४०४: सुतार जेवायला गेलाय. ड्रिलिंगची सहा भोकं उरलीत. ती दुसऱ्या बाजूच्या भिंतीत आहेत, तुमच्या हॉलवर येतील. आज नाही करत. आई घरी यायच्या आधी व्हायला मात्र हवीत.

बी-३०४: थँक्यू ताई. आईंना पहिले दिवस उठबस करायला कुणी लागलं तर हाक मारा, मी दुपारी घरीच असते.

(रात्री ८.१०)

बी-३०४: दूर्वेच्या तीन काड्या खाल्ल्या. पेपरवर अकरा लेंड्या, शेवटच्या चार चांगल्या टपोऱ्या. मी आणि मुलाने दोनदा मोजल्या.

सी-३०१: सुटलात. रात्रीतून एकदा उठून बघा. बारा तास काही खाल्लं नाही की थेट दवाखाना.

सी-१०२: मुली विचारतायत, उद्या यायचं का?

बी-३०४: दारातून बघायचं, उचलायचं नाही.

बी-४०४: उद्या सुतार दहाला म्हणतोय. बाराला बोलावू का?

बी-३०४: बाराच बरं. साडेअकराला औषध देते, तोवर त्याचं दुखणं कमी होईल. दोघांना स्वयंपाकघरात नेऊन ठेवते.