केशवाहिन्या इतक्या बारीक, तरी रक्त तिथे हळू का?

प्रश्न (नर्सिंग, प्रथम वर्ष):
नळीचं तोंड बोटाने दाबलं की पाणी जोरात उडतं. मग केशवाहिन्यांत रक्त सर्वांत हळू कसं? पुढे शिरांत दाब जवळजवळ संपलेला, तरी वेग वाढतो! पाठ करून लिहीन, पण डोक्यात शिरत नाहीये.

उत्तर १:
एकेक केशवाहिनी बघू नकोस, सगळ्यांची मिळून रुंदी बघ.

उत्तर २ (शरीरक्रियाशास्त्र शिकवते):
वरचं बरोबर आहे, पण आकड्यांशिवाय ते पटत नाही. विश्रांतीत मिनिटाला साधारण 5 लिटर रक्त हृदयातून निघतं आणि प्रत्येक टप्प्यातून तेवढंच पुढे जातं. महाधमनीचा छेद (आडवी कापली तर दिसणारं आतलं क्षेत्रफळ) सुमारे 2.5 चौरस सेंमी, तिथे वेग सेकंदाला 33 सेंमी. सगळ्या केशवाहिन्यांचा मिळून छेद सुमारे 2500 चौरस सेंमी. हजारपट जागा, म्हणून वेग हजारपट कमी: सेकंदाला 0.3 मिमी. महाशिरांशी छेद पुन्हा 8 चौरस सेंमीवर येतो, म्हणून वेग वाढतो. त्यात दाबाचा संबंध नाही.

माशाच्या शेपटीचा पर सूक्ष्मदर्शकाखाली एकदा बघच. तांबड्या पेशी एकामागे एक, अंग चोरून सरकताना दिसतात. केशवाहिनी जेमतेम मिलिमीटरभर लांब, म्हणजे पेशीला तिथे एक ते तीन सेकंद मिळतात. प्राणवायू द्यायचा तो तेवढ्यात. हा संथपणा मला फार मोलाचा वाटतो.

प्रश्नकर्ती:
मॅडम, मग दाब सर्वांत जास्त कुठे उतरतो? केशवाहिन्यांतच ना?

उत्तर २:
नाही, त्यांच्या आधी, धमनिकांत, म्हणजे केशवाहिन्यांना रक्त पोचवणाऱ्या बारीक धमन्यांत! मोठ्या धमन्यांत सरासरी दाब 100 मिमी पाऱ्याच्या आसपास टिकतो. धमनिका ओलांडेपर्यंत तो 30-35 वर येतो आणि हृदयाच्या उजव्या कर्णिकेत शून्याजवळ. केशवाहिनी एकेकटी जास्त अरुंद खरी, पण त्या अब्जावधी आहेत आणि समांतर आहेत, म्हणून एकूण अडथळा कमी पडतो. शिवाय धमनिकांच्या भिंतीत स्नायू असतो. तो आकसून त्रिज्या निम्मी झाली की अडथळा 16 पट! रक्तदाब कमी करणारी अ‍ॅम्लोडिपिनची गोळी मुख्यतः हाच स्नायू सैल करते. वॉर्डात ती गोळी देशील तेव्हा पावलांवर सूज आहे का तेही बघ. धमनिका सैल झाल्या की केशवाहिन्यांत दाब चढतो आणि पाणी बाहेर झिरपतं.