एक्सेलची फाइल टॅक्स सॉफ्टवेअर घेत नाहीये

सगळा हिशोब एक्सेलमधे आहे, पण रिटर्नसाठी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साधी मजकुराची फाइल) करून टाकली की सॉफ्टवेअर म्हणतं इन्व्हॉइस नंबर डुप्लिकेट, आता नंबर तर सगळे वेगळेच टाकलेत, काय भानगड असेल?

> नंबर किती अंकी आहेत? एक्सेल आकड्याचे 15 अंकच धरतं, सोळावा गुपचूप 0 करून टाकतं, म्हणून शेवटचा अंक वेगळा असलेले सगळे सारखेच होतात. सुरुवातीची शून्यं पण उडतात. टाइप करायच्या आधीच कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट (म्हणजे आकडा नाही, मजकूर) करून ठेवा, नंतर करून उपयोग नाही.

> आणि सीएसव्ही डबलक्लिक करून उघडू नका, परत तोच घोळ. चेक करायचीय तर नोटपॅडमधे बघा.

> रकमेचा कॉलम मात्र टेक्स्ट नको हां, सम फॉर्म्युला त्या ओळी धरतच नाही, टोटल कमी येते आणि एररपण दाखवत नाही.

हो, 16 अंकीच आहेत! म्हणजे जुने परत टाकावे लागणार?

> मूळ बिलं बघून टाका, दुसरा इलाज नाही.