अकरा महिने राहायला कोकणातलं देखणं गाव सुचवा (भाड्याने!)

पागोळी:
जूनपासून पुढे अकरा महिने राहायचंय. मी घरून काम करते, सोबत आई आहे, वय ६८, गुडघे दुखतात. भाडं महिना १० हजारांपर्यंत. कौलारू घर, भोवती झाडी, समुद्र दारात नसला तरी चालेल. सरकारी दवाखाना अर्ध्या तासात हवा. जमीन घ्यायची नाहीये. सध्या यादीत वेळास, आंजर्ले, आचरा आणि आंबोली आहेत.

चिरेबंदी:
भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा दापोलीच्या आसपास बिनशेती प्लॉट घ्या. शेतजमिनीच्या नादी लागू नका, शेतकरी असल्याचा दाखला नसेल तर कूळ कायद्याचं कलम ६३ आडवं येतं. आमचा प्लॉट रस्त्याला लागून आहे, विहिरीसकट. शेजारचा अजून मोकळा आहे.

पागोळी:
जमीन नको. शीर्षकातच लिहिलंय.

खाडीकाठ:
गाव नंतर, आधी घर बघा. जांभ्याचा चिरा, म्हणजे भिंतीचा लाल दगड, पाणी पितो. पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीला गिलावा नसेल आणि पडवीही नसेल तर जुलैत आतून ओल फुटणार. जुनी माणसं त्या बाजूला माडाच्या विणलेल्या झावळ्यांची झापं बांधायची, आता निळी ताडपत्री लावतात. कौलं मे महिन्यात परतून घ्यावी लागतात. हा खर्च मालकाचा की तुमचा, ते करारात लिहा. करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी करावीच लागते.

खरी गोम वेगळीच. ही रिकामी घरं मुंबईकरांची असतात आणि सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीच्या उताऱ्यावर चार-पाच भावंडांची नावं असतात. एकाने भाड्याने दिलं तरी गणपतीत बाकीचे हक्काने येतात. देव्हारा माजघरात असतो आणि गणपती तिथेच बसतो. तेव्हा घरपट्टीचा नमुना ८ चा उतारा मागा, त्यावरच्या सगळ्यांची लेखी संमती घ्या आणि गणपती, शिमगा, मे महिना या काळात घर कोणाकडे राहील ते आधीच ठरवा.

घाटमाथा:
आंबोली घ्या, डोळे मिटून. जुलैत धुकं खिडकीतून आत येतं.

मोगरा:
आणि कपड्यांतही शिरतं. ७००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे. गुडघेदुखी असलेल्या बाईंना कुठे पाठवताय? लॅपटॉपच्या बिजागरीला, चामड्याच्या चपलांना, डाळींना, सगळ्याला बुरशी. शिवाय आंबोली घाटावर आहे, कोकणात नाही.

घाटमाथा:
सावंतवाडी तालुका, सिंधुदुर्ग जिल्हा. कोकण नाही तर काय विदर्भ?

मोगरा:
जिल्हा कागदावर. हवा बघा.

सड्यावरचा:
गावाचं नाव विचारण्यापेक्षा वाडीत राहायचं की सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, ते विचारा. फोटोत दिसतात ती घरं खाली, माडा-पोफळीच्या वाडीत. तिथे विहिरीला पाणी असतं, पण ऊन पोचत नाही, डास असतात आणि अंगणात शेवाळ धरतं. म्हणजे आई घसरणार. सड्यावर वारा, उजेड, मोबाईलला रेंज, पण पाणी नाही. जांभा सच्छिद्र आहे, एवढा पाऊस पडूनही पाणी झिरपून निघून जातं आणि एप्रिलपासून विहिरी तळ गाठतात. म्हणून घर मे अखेरीला बघा. दोर सोडून किती हात पाणी आहे ते मोजा, नळ एक दिवसाआड की तीन दिवसांनी, ते शेजारी विचारा. खाडीजवळ असाल तर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजा. ५०० पर्यंत निर्धास्त, २००० च्या वर गेलं तर ते पाणी पिण्याचं नाहीच. मे महिन्यात उपसा वाढला की खारं पाणी आत येतं, त्यामुळे डिसेंबरात गोड लागलेल्या विहिरीवर विसंबू नका.

उतार जिथे संपतो त्या मधल्या पट्ट्यातलं, गाडी दारापर्यंत जाणारं घर शोधा. फोटो तेवढे छान येणार नाहीत.

खाडीकाठ:
मे अखेरीचं अगदी बरोबर. मीही तेच म्हणणार होतो, मे अखेरीलाच बघा.

वायरमन:
घरून काम म्हणालात आणि विजेबद्दल कोणीच बोलत नाहीये. तारा झाडांतून जातात, पहिल्या वादळात फांदी पडली की गेली. इन्व्हर्टरची १५० एएचची एक बॅटरी साधारण १२०० ते १४०० वॅट-तास देते. लॅपटॉप, राउटर आणि दोन साधे पंखे मिळून २२० वॅट, म्हणजे सहा तास. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतलेत तर हाच भार १३० वर येतो आणि दहा तास निघतात. तारेचं इंटरनेट त्याच खांबांवरून येतं, खांब पडला की तेही पडतं. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा, मात्र दोन्हींचा टॉवर एकच नाही ना ते बघा. रेंज अंगणात नाही, माजघरात दार लावून मोजा. फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा जोर डीबीएममध्ये दिसतो, उणे ९० च्या आसपास ठीक, उणे ११० च्या खाली व्हिडिओ कॉल विसरा.

मोगरा:
बीएलडीसी पंखे गरगरतात नुसते, वारा लागत नाही.

वायरमन:
पात्यांचा कोन बघून घ्यायचे असतात.

चिरेबंदी:
स्वतःच्या घरावर सोलर बसवता येतं. भाड्याच्या घरावर कोण बसवू देणार?

कासवमित्र:
वेळासच. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला साधारण फेब्रुवारी ते एप्रिल गर्दी असते, तेव्हा घराघरांत पाहुणे. एरवी शांत. वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोट आहे, पलीकडे हरिहरेश्वर.

सड्यावरचा:
म्हणजे अकरातले तीन महिने गोंगाट, आणि मोठा दवाखाना गाठायला आधी मंडणगड. अर्ध्या तासाची अट वाचली का? आंजर्ल्याचंही तेच, दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंतचा रस्ता वळणांचा आहे.

पागोळी:
तिलारी, दोडामार्गकडे एक स्वस्त घर दिसतंय. ७ हजार.

मोगरा:
देखणा भाग, वादच नाही. पण हत्ती येतात, आणि २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळलेत. तो गोचिडांमुळे होतो, जोर जानेवारी ते मे. पालापाचोळा गोळा करायला जाऊ नका आणि माकड मेलेलं दिसलं तर आरोग्य केंद्राला कळवा.

खाडीकाठ:
तापाआधी सापाचं बघा. सड्याच्या दगडांत फुरसं असतं, वीतभर दिसतं म्हणून लोक हलक्यात घेतात. विष रक्त गोठू देत नाही. डॉक्टर काचेच्या नळीत २० मिनिटं रक्त ठेवून गोठतंय का पाहतात. दवाखाना किती किलोमीटर याच्याइतकंच तिथे प्रतिविष ठेवलेलं आहे का, तेही विचारा. रात्री अंगणात बॅटरीशिवाय पाय ठेवायचा नाही, आणि चिऱ्यांचा ढीग घराला टेकवून रचायचा नाही.

माड:
आचऱ्याचं कोणी बोलत नाही म्हणून सांगतो. बाजार आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र गावातच, समुद्र जवळ. पण गावपळण माहीत आहे ना? दर काही वर्षांनी रामेश्वराचा कौल झाला की सगळं गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जातं, गुरं-कोंबड्या, कुत्री-मांजरांसकट. भाडेकरूही जातात. राहुट्यांत झोपायचं. आईंच्या गुडघ्यांना ते झेपेल का? यंदा आहे का ते मालकाला विचारून मगच पैसे द्या.

कासवमित्र:
त्यापेक्षा वेळास.

घाटमाथा:
आंबोलीत गावपळण नाही.

पागोळी:
सगळ्यांचे आभार. आचऱ्यात ठरवतेय. घर वाडीतलं, साडेनऊ हजार, पश्चिमेची भिंत उघडी, सड्यावरचा म्हणतात तसं अंगणात शेवाळही असणार. आईला गावपळणीचं सांगितलं तर ती म्हणाली, मग आचराच. गणपतीत घर मालकांचं, ते दहा दिवस आम्ही परत इकडे, तसं लिहून घेतेय. विहीर २८ मे रोजी मोजणार. अंगणासाठी विचारायचंय, शेवाळावर ब्लीचिंग पावडर मारावी की काथ्याच्या चटया टाकाव्यात?

सड्यावरचा:
चटई भिजली की तीच घसरते. ब्लीचिंगचा जोर धुऊन जातो, पंधरा-वीस दिवसांनी परत मारावं लागतं, आणि विहिरीकडे उतार असेल तर नकोच. दार ते न्हाणीघर एवढ्या वाटेवर खरखरीत फरश्या बसवा, बाजूला हाताला धरायला बांबू. आणि मी वाडी नको म्हटलं होतं.

चिरेबंदी:
प्लॉट अजून आहे.